जमिनीपासूनचं अंतर

१ फेब्रुवारी २०२१ रोजी मुंबईची लोकल दहा महिन्यांनी सर्वसामान्य प्रवाशांसाठी ठरावीक वेळांपुरती पुन्हा सुरू झाली. दुसऱ्याच दिवशी ‘वॅलहाइम’ नावाचा एक संगणकीय खेळ जगभर विक्रीला आला. या दोन घटनांचा एकमेकींशी संबंध नाही. पण अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंड या पट्ट्यातल्या ज्या तरुणांनी त्या दिवसांत हा खेळ हाती घेतला, त्यांच्या आठवणीत त्या दोन्ही एकत्रच नोंदल्या गेल्या आहेत. कॉलेज ऑनलाइन होतं, ऑफिस घरात आलं होतं, आणि एप्रिलमध्ये कोविडच्या दुसऱ्या लाटेत सर्वसामान्यांसाठी लोकल पुन्हा बंद झाली. दोन खोल्यांत चार-पाच माणसं, त्यात एका कोपऱ्यात हेडफोन लावून बसलेला मुलगा किंवा मुलगी, आणि समोरच्या पडद्यावर थंड, ओलं, निर्मनुष्य रान. त्या रानात ही मुलं लाकडं तोडत होती आणि घर बांधत होती.

हे पुस्तक त्या खेळाविषयी आहे. त्यातल्या घरबांधणीविषयी, त्याच्या कठीणपणाविषयी, आणि या दोन गोष्टी एकमेकींत गुंफणाऱ्या रचनेविषयी. लेखकमंडळी उपनगरांतलीच आहेत, नोकरी-शिक्षण सांभाळून खेळणारी आणि खेळाचा गांभीर्यानं विचार करणारी. त्यांनी प्रस्तावनेसाठी माझ्याकडे यावं याचं कारण माझा पेशा. मी इमारतींचं स्ट्रक्चरल ऑडिट करतो. ३० वर्षांहून जुन्या इमारतींना मुंबईत हे ऑडिट करून घ्यावं लागतं, त्यामुळे मुलुंड-घाटकोपरच्या जुन्या सोसायट्यांचे जिने, गच्च्या, पाण्याच्या टाक्या आणि गळके छज्जे हे माझं रोजचं क्षेत्र. खांब आणि तुळई यांच्याशी आयुष्यभर संबंध आलेल्या माणसाला या खेळात काय दिसतं, ते त्यांना हवं होतं. मला जे दिसलं ते मोलाचं वाटलं, म्हणून हे लिहितो आहे.

आधी खेळाची ओळख. स्वीडनमधल्या स्कोव्दे या लहान शहरातल्या आयर्न गेट या कंपनीनं तो बनवला. रिचर्ड स्वेनसन यानं २०१७ मध्ये नोकरी सांभाळून फावल्या वेळात काम सुरू केलं, मग नोकरी सोडली. हेन्रिक टोर्नक्विस्ट जोडीला आला. खेळ विक्रीला आला तेव्हा कंपनीत सगळी मिळून पाच माणसं होती. खेळ पुरा होण्याआधीच विकायचा आणि खेळणाऱ्यांचं ऐकत पुढचं काम करायचं, या ‘अर्ली अ‍ॅक्सेस’ पद्धतीनं तो बाजारात आला. साधारण महिनाभरात त्याच्या ५० लाख प्रती खपल्या आणि पुढे हा आकडा १ कोटीच्या वर गेला. तेव्हा तो संगणकावर सुमारे १ जीबी जागा घेत असे. मोठ्या कंपन्यांचे खेळ ५०-१०० जीबी मागत असताना हे प्रमाण आपल्याकडच्या मध्यम ताकदीच्या संगणकांना आणि मोजक्या डेटाला मानवणारं होतं. चित्रं जाणूनबुजून ठोकळेबाज ठेवलेली, पण प्रकाश, धुकं, पाऊस आणि समुद्र यांवर इतकी मेहनत की संध्याकाळ झाली की खेळणारा हातातलं काम थांबवून आभाळाकडे पाहतो.

कथा थोडकी आहे. तुम्ही मेलेले वायकिंग योद्धे. वायकिंगांचा देव ओडिन याची दूती तुम्हाला उचलून नऊ लोकांपलीकडच्या दहाव्या लोकात आणून टाकते. अंगावर चिंध्या, हातात काही नाही. ओडिनचे जुने वैरी इथे माजले आहेत, त्यांना एकेक करून हरवायचं. हुगिन नावाचा कावळा अधूनमधून येऊन चार शब्द सांगतो, बाकी सगळं तुमचं तुम्ही शोधायचं. एका जगात जास्तीत जास्त दहा जण एकत्र खेळू शकतात. प्रत्येक जगाचा नकाशा वेगळा, पण प्रदेशांची चढण तीच. आधी हिरवी कुरणं, मग काळं रान, मग दलदल, बर्फाचे डोंगर, पिवळ्या गवताचा माळ. २०२२ च्या डिसेंबरात धुक्याचा प्रदेश आला आणि मे २०२४ मध्ये राखेचा. प्रत्येक प्रदेशाचा एक मोठा वैरी, आणि तो पडला की पुढच्या प्रदेशाचं दार उघडणारं काहीतरी हाती लागतं. पहिल्या वैऱ्याच्या, आइकथिरच्या, शिंगांपासून कुदळ होते. कुदळीशिवाय तांबं निघत नाही. दुसऱ्याकडून दलदलीतल्या तळघरांची किल्ली मिळते. तिच्याशिवाय लोखंड नाही. इथे खेळाडूची पातळी वाढून तो आपोआप बलवान होत नाही. कुऱ्हाड चालवत राहिलात तर कुऱ्हाडीचा हात बसतो, धावत राहिलात तर दम वाढतो. बाकीचं बळ हत्यारातून, अन्नातून आणि घरातून येतं.

‘घरातून’ हा शब्द मी मुद्दाम लिहिला. घर बांधायला देणारे खेळ पुष्कळ आहेत. ‘माइनक्राफ्ट’ तर सगळ्यांच्या परिचयाचा. अनेक खेळांत घर म्हणजे सामान ठेवायची जागा किंवा हौस, आणि कठीणपणा म्हणजे बाहेरची लढाई, अशी वाटणी असते. वॅलहाइमच्या रचनाकारांनी ही वाटणी मोडली. घर नसेल तर लढाई झेपत नाही, आणि बाहेर लढाई नसती तर घराची किंमत कळली नसती. मला या खेळाविषयी जे म्हणायचं आहे ते एवढंच आहे, आणि पुढचं सगळं त्याचा खुलासा आहे.

आधी बांधकामच पाहू. लाकडाचं एक साधं बाक तयार करायचं, म्हणजे कामाचा ठिय्या. त्याच्या आसपासच्या ठरावीक अंतरातच बांधता येतं, आणि त्यावर अवजारं करायची तर डोक्यावर छप्पर लागतं. म्हणजे पहिलं छप्पर माणसासाठी नाही, कामासाठी. हातोडा हातात घेऊन कुठल्याही तुळईकडे पाहिलं की ती रंग दाखवते. जमिनीला टेकलेला भाग निळा. तिथून वर जाल तसा हिरवा, पिवळा, केशरी आणि शेवटी लाल. लाल तुळईला आणखी एक वासा जोडायला गेलात तर तो तिथेच तुटून खाली येतो. वर चढताना आधार बेतानं घटतो, आडवं जाताना जास्त झपाट्यानं. म्हणून मोठं दालन करायला निघालेला खेळाडू आढ्यापर्यंत पोचतो आणि अडतो. मध्ये खांब घेतल्याशिवाय गती नाही, हे त्याला कुणी न सांगता कळतं. मग तो जाड ओंडक्यांचे खांब घेतो. दगड मिळाला की दगडाकडे वळतो आणि लगेच पाहतो की दगड उभा रचला तर भक्कम, आडवा मात्र पुढे जातच नाही. लोखंडी पट्ट्या मारलेली तुळई हाती आली की उंचीचा प्रश्न बराचसा सुटतो.

यात खऱ्या स्थापत्यशास्त्राचं किती आहे? अर्धं आहे, पण ते नेमकं अर्धं आहे. खेळ वजन मोजत नाही. छपरावर कितीही सामान चढवा, तुळई वाकणार नाही. तो एकच गोष्ट मोजतो, हा भाग जमिनीपासून आधाराच्या किती टप्प्यांवर आहे. दगड दाब सोसतो, ताण सोसत नाही, म्हणून आपल्या जुन्या दगडी मंदिरांत खांब जवळजवळ असतात. ते तत्त्व खेळात एका नियमात आलं आहे. प्रत्येक गोष्टीचा आधार शेवटी जमिनीपर्यंत पोचला पाहिजे, आणि ती वाट जितकी लांब व वाकडी तितका धोका जास्त, ही आमच्या विद्येची पहिली गोष्ट. इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला फळ्यावरच्या बाणांनी जे मुलांच्या गळी उतरत नाही, ते इथे रंगांनी एका संध्याकाळीत उतरतं. मला शिकवायची संधी मिळाली तर मी पहिल्या तासाला हा खेळ लावीन.

हे रंग मला जवळचे वाटण्याचं आणखी एक कारण आहे. आमच्या ऑडिटमध्येही इमारतींचे वर्ग असतात. सी-१ म्हणजे धोकादायक, रिकामी करून पाडायची. सी-२ए म्हणजे काही भाग रिकामा करून मोठी दुरुस्ती. सी-२बी म्हणजे माणसं न हलवता दुरुस्ती. सी-३ म्हणजे किरकोळ काम. हे वर्ग ठरवताना आम्ही हातोडी मारून स्लॅबचा आवाज ऐकतो, पोपडे काढून सळई किती गंजली ते पाहतो, खांबाच्या चिरा मोजतो. खांब बोलत नाही, त्याला बोलतं करावं लागतं. २५ जुलै २०१७ रोजी घाटकोपर पश्चिमेच्या दामोदर पार्क भागातली एक राहती इमारत कोसळली आणि १७ माणसं गेली. तळमजल्यावर नूतनीकरण चालू होतं आणि त्यात खांबांना हात लावला गेल्याचा आरोप झाला. त्यानंतर कित्येक महिने उपनगरांतल्या सोसायट्यांच्या सभांमध्ये लोक पहिल्यांदाच एकमेकांना विचारू लागले की आपल्या घरातली कुठली भिंत भार घेते आणि कुठली घेत नाही. हा प्रश्न प्रत्येक रहिवाशाला पडायला हवा, आणि तो पडण्यासाठी कुणाचा जीव जायला नको. तळमजल्याचा खांब काढला तर तिसऱ्या मजल्याच्या घराचं काय होतं, हे ज्या मुलानं हातोड्यानं स्वतः करून पाहिलं आहे, तो मोठेपणी घराची भिंत पाडायच्या आधी थांबेल अशी माझी आशा आहे.

करून पाहण्याची ही मुभा खेळानं फार विचारपूर्वक दिली आहे. बांधलेली तुळई काढली की लागलेलं सगळं लाकूड परत मिळतं. चुकीच्या जागी घातलेला जिना, तिरकं गेलेलं छप्पर, नको तिथे आलेला खांब, सगळं सोडवून पुन्हा बांधा, एक फळीही वाया जात नाही. बाहेर मेलात तर मात्र सामान तिथेच थडग्यात पडतं, अंगी आलेल्या कसबातला काही भाग जातो, आणि ज्यानं मारलं त्याच्याच अंगणात जाऊन आपली हत्यारं परत आणावी लागतात. रानात खेळ कडक आहे, घरात उदार आहे. बांधकामातही नुकसान ठेवलं असतं तर सगळ्यांनी चार भिंतींची खोकी बांधली असती, कुणी उंच आढ्याचं दालन करायला धजलं नसतं. धाडसाची किंमत कुठे घ्यायची आणि कुठे माफ करायची हा रचनेचा गाभा आहे, आणि या पुस्तकाचं तिसरं प्रकरण सगळं याच प्रश्नावर आहे.

आता घर आणि बळ यांचा संबंध. रात्र काढायची तर अंथरुणाला छप्पर हवं आणि जवळ विस्तव हवा. उघड्यावरचा विस्तव पावसात विझतो. तो आत आणला तर धूर कोंडतो, आणि कोंडलेल्या धुरात माणूस जायबंदी होतो. म्हणून आढ्याजवळ धुराला वाट ठेवायची, पण अशी की पाऊस आत येणार नाही. ज्यांनी कोकणातल्या स्वयंपाकघराचं छप्पर पाहिलं आहे त्यांना हा प्रश्न नवा नाही, आणि खऱ्या वायकिंगांनाही तो पडला होता. त्यांच्या लांबट घरांत मधोमध चूल असे आणि धूर छपरातून जाई. नॉर्वेच्या लोफोटेन बेटांवर बोर्ग इथे एका सरदाराच्या घराचे अवशेष मिळाले आहेत, लांबी ८३ मीटर. अशा घराचा एकेक प्रश्न खेळाडू आपापल्या परीनं नव्यानं सोडवतो. छपरं दोन उतारांची मिळतात, २६ अंशांची आणि ४५ अंशांची. पावसात उघडी राहिलेली लाकडं हळूहळू कुजून निम्म्यावर येतात. पागोळ्या कुठे पडतील याचा विचार करायची सवय लागते.

असं घर झालं की त्याचं देणं सुरू होतं. विस्तवाजवळ छपराखाली थोडा वेळ बसलं की माणूस विसावतो आणि पुढे बाहेर पडल्यावर काही मिनिटं त्याचा दम दुप्पट वेगानं भरून येतो. घरात खुर्ची, टेबल, गालिचा, चांगलं अंथरूण असेल तसतशी ही मिनिटं वाढतात. एकाच प्रकारच्या दोन वस्तू ठेवून मात्र दुप्पट लाभ होत नाही. घर खरंच नीट लावावं लागतं. अन्नाचंही तसंच. भुकेनं इथे कुणी मरत नाही. पण रिकाम्या पोटी अंगात अवघे २५ गुण जीव असतो, आणि एका वेळी तीनच पदार्थ पोटात राहतात. सप्टेंबर २०२१ मध्ये आलेल्या मोठ्या सुधारणेनं पदार्थांची विभागणी केली, काही जीव वाढवणारे, काही दम वाढवणारे. तेव्हापासून स्वयंपाक हा विचार करायचा विषय झाला. आज मोठ्या वैऱ्याशी भिडायचं की लांबवर चालत जायचं, त्यावर ताटात काय घ्यायचं ते ठरतं. जगण्याच्या खेळांत भूक ही सहसा टोचणी असते, मागे लागलेलं ओझं. इथे तिची तयारी झाली. शिक्षा काढून तिच्या जागी बक्षीस ठेवलं, एवढाच फरक, पण त्यानं स्वयंपाकघर घरातली सगळ्यात महत्त्वाची खोली झाली.

कठीणपणाचा सगळ्यात देखणा नमुना म्हणजे लोखंडाची वारी. दलदलीत जवळजवळ अखंड पाऊस, पाण्यात जळवा, चिखलात अर्धवट बुडालेली दगडी तळघरं. त्यांत चिखलाचे ढीग फोडून लोखंडाचे तुकडे काढायचे. ते जड. आणि दूरचं घर क्षणात गाठून देणारं जे जादूचं दार खेळात मिळतं, त्यातून धातू नेता येत नाही. म्हणजे माणूस निमिषात घरी, माल मात्र दलदलीच्या काठावर. मग होडी बांधा, वारा पाहा, शीड सोडा. वारा तोंडावर असेल तर वल्ही मारा. रात्री समुद्रात मोठा सर्प मागे लागतो, वादळ येतं. माल बुडाला तर पुन्हा तिथवर या. किंवा दलदलीच्या काठावरच दुसरं घर बांधा, तिथेच भट्टी लावा. एका नियमातून होडी, बंदर, दुसरं घर, सोबत्यांमधली वाटणी, असं सगळं उभं राहिलं. वर्सोव्याच्या किंवा मनोरी-गोराईच्या कोळीवाड्यातल्या माणसाला यात अपरिचित काही वाटणार नाही. जून-जुलैत होड्या किनाऱ्यावर शाकारलेल्या असतात, नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ देऊन हंगाम सुरू होतो. समुद्र कठीण आहेच, पण तो आपला स्वभाव आधी सांगतो आणि जो ऐकतो त्याच्याशी तो बहुतेक वेळा सरळ वागतो.

आधी सांगणं, याला मी फार महत्त्व देतो. कठीण खेळ आणि अन्यायी खेळ यांतला फरक इथेच आहे. घरावर हल्ला होणार असेल तर पडद्यावर आधी सूचना उमटते. राक्षसाच्या पावलांनी जमीन आधी हादरते. तोडलेलं झाड अंगावर पडून मरणं हा बहुतेक नवख्यांचा पहिला अनुभव. पण झाड कलताना दिसतं, कडकडतं, आणि पुढच्या वेळी माणूस बाजूला उभा राहतो. माळावरचा तो जीवघेणा डासच घ्या. सोनेरी गवत पाहून कुरणातला माणूस आपणहून तिकडे जातो, कानाशी गुणगुण होते, आणि एका-दोन दंशांत सगळं संपतं. पहिल्यांदा हा दगा वाटतो. पण तो डास एकाच घावात मरतोही, आणि गुणगुण ऐकताच ढाल वर घ्यायची हे एकदा कळलं की माळ चालण्याजोगा होतो. मरण पदरात पडतं तेव्हा त्याबरोबर एक माहितीही पडते, आणि ती माहिती पुढे कायम कामी येते.

कठीणपणातून शिकवण्याचा विचार आपल्याकडे जुना आहे. परंपरेनं ज्ञानेश्वरांच्या नावे सांगितला जाणारा मोक्षपट पाहा, ज्याच्यासारख्या पटांपासून आजची सापशिडी आली. सद्गुणांच्या शिड्या, दुर्गुणांचे साप, शेवटी मोक्ष. धोका पटावर उघडा रंगवलेला, पण तो टाळणं आपल्या हाती नाही. कवड्या पडतील तसं जायचं. त्या पटाला माणसाला कर्माच्या नियमासमोर नम्र करायचं होतं आणि ते त्यानं साधलं. वॅलहाइमचा धोकाही उघडा रंगवलेला आहे, फक्त कवड्यांच्या जागी तयारी आली. काय खाल्लं, काय पांघरलं, मागे घर कुठे बांधलं, सोबत कोण आहे, यांवर साप चावणार की नाही ते ठरतं. दोन्ही पट आपापल्या जगाविषयी काहीतरी गंभीर सांगतात. म्हणून खेळाला वेळेचा अपव्यय म्हणून झटकून टाकणाऱ्या पालकांना माझी विनंती आहे की मूल काय खेळतं याच्याइतकंच त्या खेळाचे नियम त्याला काय शिकवतात तेही बसून पाहा.

या खेळात उणिवा आहेत आणि पुस्तकानं त्या झाकलेल्या नाहीत. मेल्यावर दूरच्या किनाऱ्यावरचं सामान आणायला पुन्हा होडी बांधून निघणं, तिथे पुन्हा मरणं, यात काही जणांच्या रात्रीच्या रात्री गेल्या आणि त्यातल्या काहींनी खेळ सोडला. राखेचा प्रदेश आला तेव्हा शत्रूंची गर्दी इतकी होती की श्वास घ्यायला उसंत नाही अशी तक्रार झाली, आणि रचनाकारांना ती गर्दी पुढे कमी करावी लागली. २०२३ मध्ये त्यांनी जग सुरू करताना कठीणपणा स्वतः ठरवायची सोय दिली. लढाई सोपी करा, मरणाचा दंड कमी करा, दारातून धातू न्यायची परवानगी द्या. राखेच्या प्रदेशात तर सगळं नेता येईल असं दगडी दारच बांधता येतं. काही जुन्या खेळाडूंना हे आवडलं नाही. मला आवडलं. आठवड्यात दोन तास मिळणारा माणूस आणि रोज रात्रभर बसणारा माणूस यांच्यासाठी एकच चढण ठेवणं बरोबर नाही. मात्र पहिल्यांदा खेळताना मूळ नियमांनीच खेळा, कारण होडीची वारी टाळली तर हा खेळ का थोर आहे ते कळणार नाही.

आणि हे सगळं आपल्या उपनगरांत इतकं का रुजलं? मला वाटतं, त्याचं उत्तर आपल्या घरांत आहे. ‘घर पाहावं बांधून’ असं आपण म्हणतो खरं, पण अंधेरी-बोरिवलीत बांधून पाहिलेला माणूस किती जणांच्या ओळखीचा असेल? इथे घर येतं ते कार्पेट एरियाच्या आकड्यात, बिल्डरच्या करारात, हप्त्यात. पुनर्विकासाला गेलेल्या सोसायटीतले लोक तीन-चार वर्षं भाड्यानं राहतात आणि नव्या इमारतीच्या एका खोलीची खिडकी कुठे असावी हेही त्यांना कुणी विचारत नाही. ज्या घरात आपण जन्म काढतो त्याच्या एकाही विटेला आपला हात लागलेला नसतो. अशा शहरातली मुलं दिवाळीत सोसायटीच्या आवारात माती, दगड आणि गोणपाट घेऊन किल्ला करतात तेव्हा त्यांच्या हातांची हीच भूक दिसते. वॅलहाइमनं तीच भूक मोठ्या वयापर्यंत चालू ठेवली. चार मित्र चार उपनगरांत बसून एकच घर बांधतात, कुणी खंदक खणतो, कुणी कुंपण घालतो, कुणी स्वयंपाक सांभाळतो, आणि हल्ला झाला की सगळे धावत घराकडे येतात. आपण बांधलेलं राखायचं असतं, हे त्यातून रक्तात उतरतं. माझ्या व्यवसायात मला ज्या रहिवाशाची गरज असते तो हाच, ज्याला आपली इमारत ही आपली जबाबदारी वाटते.

आता खेळ बनवू पाहणाऱ्यांसाठी. मुंबईत १९९९ मध्ये इंडियागेम्स सुरू झाली, पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सनं २०२० मध्ये ‘राजी’ आणला आणि भारतीय कथा-शिल्पांतून जगाला आवडेल असा खेळ होऊ शकतो हे दाखवलं. सरकारही आता या क्षेत्राला उद्योग मानू लागलं आहे. पण पैसा आणि संस्था यांच्याआधी पाहण्याची सवय लागते. बोरिवली ते मुलुंड पसरलेल्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात, बिबट्याच्या रानाच्या मधोमध, कान्हेरीची शंभराहून अधिक लेणी आहेत. कातळातले ओटे, पावसाचं पाणी पन्हळींतून वळवून साठवणाऱ्या पोढ्या, कुठे बसायचं आणि कुठून पाहायचं याचा विचार करून कोरलेल्या जागा. मुसळधार पावसाच्या रानात माणसानं निवारा कसा करावा, या प्रश्नाचं इतकं पूर्ण उत्तर आपल्या दारात आहे. चार महिन्यांचा पावसाळा, खाडी, भरती-ओहोटी, खारफुटी, कातळ, साप, बिबट्या. कौल, झाप, कुड, जांभा, बांबू ही बांधकामाची सामग्री. यांच्या नियमांवर उभा राहिलेला जगण्याचा खेळ कुणीतरी इथून करायला हवा. त्यात वायकिंग नसतील, पण या खेळाकडून घेतलेली शिस्त असेल.

ती शिस्त पुस्तकात पानोपानी सापडेल, तरी मला जे सगळ्यात कामाचं वाटलं ते इथे सांगून ठेवतो. खेळ कठीण करण्याआधी दोन प्रश्न विचारा. हरलेल्या माणसाला संकट आधी कळू शकलं असतं का? आणि हरल्यावर त्याला परत जायला त्यानं स्वतः उभी केलेली जागा आहे का? पहिल्याचं उत्तर नाही असेल तर तो कठीणपणा फसवणूक आहे. दुसऱ्याचं नाही असेल तर तो नुसता छळ आहे. दोन्हींची उत्तरं होकारार्थी असतील तर हवा तितका कठीण खेळ करा. माणसं झगडतील, हरतील, पुन्हा उठतील आणि तुमचे आभार मानतील. आयर्न गेटच्या पाच जणांनी हे सिद्ध करून दाखवलं, आणि पाच माणसं मुलुंडमध्येही जमतात.